कमाटीबागेतला देवमासा आणि उत्क्रांती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्टी लागली की बडोद्यातल्या मराठी घरांतली पोरं मामाचा नाहीतर आजीचा हात धरून कमाटीबागेत येतात. प्राणी बघून होतात, छोट्या आगगाडीत बसून होतं, मग संग्रहालय. जीवशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे ओळखीची मंडळी आली की त्यांना आत फिरवून आणायचं काम माझ्याकडे येतं. लोक तेच ते प्रश्न विचारतात, आणि पोरांपेक्षा मोठी माणसं जास्त विचारतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

सगळ्यांना देवमाशापाशीच का नेता?

कारण अर्धं काम तो एकटा करतो. निळ्या देवमाशाचा हा सांगाडा सुमारे 72 फुटांचा आहे. 1944 साली हा प्राणी मही नदीच्या मुखाशी वाहून आला आणि तिथून सयाजीराव महाराजांनी उभारलेल्या या संग्रहालयात पोहोचला. पोरांना आधी ममी बघायची असते, बघू द्यावी. ममीच्या गोष्टीत काही हजार वर्षं आहेत, देवमाशाच्या हाडांत काही कोटी.

हा पिल्लाचा सांगाडा असल्याचं पुष्कळदा सांगितलं जातं. निळ्या देवमाशाचं पिल्लू जन्मतःच 7 मीटरच्या आसपास, म्हणजे 23 फुटांचं असतं आणि मोठी मादी 90 फुटांपर्यंत जाते. तेव्हा 72 फुटांचा प्राणी वयात येत असलेला म्हणा हवं तर, तान्हा नक्कीच नव्हता.

पण तो मासाच ना?

नाही. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, त्याचं रक्त गरम असतं, मादी पिल्लाला दूध पाजते. हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे. मला आवडणारा पुरावा शेपटीचा आहे. मासा शेपूट डावी-उजवीकडे हलवतो, देवमासा वर-खाली. कुत्रा जोरात पळताना त्याची पाठ कशी वाकते ते आठवून बघा, तीही वर-खालीच. चार पायांवर धावणाऱ्या पूर्वजांचा कणा देवमाशाने समुद्रात नेला आणि त्याच लयीत पोहायला घेतलं.

देवमाशाला हात असतात म्हणता, ते कुठे आहेत?

छातीच्या दोन्ही बाजूंची वल्ही म्हणजेच हात. आधी स्वतःचा हात चाचपून बघा : दंडात एक हाड, कोपराखाली दोन, मनगटात बारीक हाडांचा गुच्छ, मग तळवा आणि बोटं. देवमाशाच्या वल्ह्यात हाच क्रम आहे. दंडाचं हाड आखूड आणि जाड, कोपर हलत नाही, पण क्रम तोच. निळ्या देवमाशाला बोटं मात्र चार, आणि मधल्या बोटांना आपल्यासारखी तीन नव्हे तर त्याहून जास्त पेरं. इतर बऱ्याच देवमाशांना आणि डॉल्फिनना पाचही बोटं असतात.

आता वटवाघूळ घ्या. त्याचा पंख म्हणजे लांबलचक बोटांवर ताणलेली कातडी. घोडा एका बोटाच्या नखावर उभा असतो. कुत्रा, मगर, कबूतर, कुठेही बघा, एक-दोन-गुच्छ-बोटं हाच आराखडा. पोहायला वल्हं हवं होतं तर त्यात मनगट कशाला? उडायला पंख हवा होता तर त्यात बोटं कशाला? कामं निराळी, हाडं तीच. याचं सरळ उत्तर एकच निघतं : ही हाडं सगळ्यांना एकाच पूर्वजाकडून वारशाने आली आणि पुढे ज्याने त्याने आपापल्या कामाला जुंपली.

गंमत अशी की अशा ‘समजात’ अवयवांची नेमकी व्याख्या केली इंग्रज शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी, 1843 मध्ये, आणि पुढे हेच ओवेन डार्विनचे कट्टर विरोधक झाले. हत्यार त्यांनी घडवलं, वापरलं दुसऱ्याने.

हातांवरून नजर मानेकडे न्या. कवटीच्या मागे मानेचे मणके एकमेकांना चिकटल्यासारखे दाटीवाटीने बसलेले असतात. ते सात. जिराफाच्या मानेतही सात, फक्त त्यातला एकेक मणका वीतभर लांब. उंदराला सात, तुम्हाला-मला सात. झाडाला उलटा लटकणारा स्लॉथ आणि पाण्यात राहणारा मॅनटी हे अपवाद सोडले तर जवळजवळ सगळ्या सस्तन प्राण्यांचा हाच आकडा. देवमाशाला मान हवी कशाला? नकोच आहे. पण सातांचा वारसा त्याने टाकलेला नाही, दाबून ठेवला आहे.

शिवाय देवमाशाच्या मागच्या भागात, कण्याशी न जोडलेली, मांसात रुतलेली दोन छोटी हाडं असतात. ती कंबरेची. पाय गेले, कंबर उरली. पण ती निरुपयोगी आहेत असं मुलांना सांगू नका. जननेंद्रियांचे स्नायू त्यांना बांधलेले असतात. अवशेषांग म्हणजे मूळचं काम सुटलेला अवयव, बिनकामाचाच असतो असं नाही.

फुलपाखराला पंख, चिमणीलाही पंख. मग तेही नातेवाईक?

नातेवाईक आहेत, पण फार दूरचे, आणि पंख हा त्या नात्याचा पुरावा नव्हे. फुलपाखराच्या पंखात हाडच नाही. हवेत उडायचं तर पसरट काहीतरी लागतंच, म्हणून दोघांनी स्वतंत्रपणे ते मिळवलं. शार्क आणि डॉल्फिन बाहेरून सारखे दिसतात तेही असंच, पाण्याने दोघांना एका आकारात घासलं. वरवरचं साम्य कामामुळे येऊ शकतं. नातं शोधायचं तर आतल्या, कामाशी थेट संबंध नसलेल्या बारकाव्यांत शोधावं.

जमिनीवरचा प्राणी समुद्रात गेला, याला पुरावा काय?

हा प्रश्न डार्विनलाही अडचणीचा होता. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या आपल्या पुस्तकाच्या 1859 च्या पहिल्या आवृत्तीत त्याने एका अमेरिकन काळ्या अस्वलाचा दाखला दिला. तोंड उघडं ठेवून पाण्यातले किडे गिळत तासन्‌तास पोहणारं अस्वल. असा प्राणी पिढ्यान्‌पिढ्या बदलत देवमाशासारखा अजस्र होऊ शकेल, असं त्याने लिहिलं. लोकांनी इतकी टर उडवली की दुसऱ्या आवृत्तीत त्याने ते वाक्यच काढून टाकलं.

पुरावा सापडला तो आपल्याच उपखंडात. तेव्हा भारताचा भूखंड आशियाला भिडत होता आणि मध्ये टेथिस नावाचा उथळ समुद्र होता. त्याच्या काठाने ही सगळी उलथापालथ झाली. पाकिस्तानात साधारण 5 कोटी वर्षांपूर्वीचा, चार पायांचा पाकिसिटस मिळाला. जम्मू-काश्मीरमध्ये कालाकोटला ए. रंगा राव या भूशास्त्रज्ञांनी गोळा केलेल्या खडकांत इंडोहायस होता, मांजराएवढा खुरवाला प्राणी. खडक फोडताना कवटीतलं कानाचं हाड उघडं पडलं. एका बाजूला ते असं जाड होतं, जसं फक्त देवमाशांच्या घराण्यात असतं. 2007 मध्ये हे प्रसिद्ध झालं.

आणि आपला गुजरात? कच्छमध्ये साडेचार कोटी वर्षांच्या आसपासच्या थरांत प्राचीन देवमाशांचे बरेच जीवाश्म मिळाले आहेत. त्यातला एक, पाणमांजरासारखा, आखूड पायांचा आणि लांब जाड शेपटीचा. 2000 साली त्याचं नाव ठेवलं कच्छिसिटस. बडोद्याचा माणूस रणोत्सवाला जाऊन चांदण्यात फोटो काढतो, पण देवमाशाचे पाय ज्या मुलखात आखूड होत गेले तो हा मुलूख, हे त्याला कोणी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1990 च्या दशकात रेणूंचा अभ्यास करणारे म्हणू लागले की देवमाशाचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक म्हणजे पाणघोडा, म्हणजे देवमासे समखुरी, म्हणजे जोड खुरांच्या, प्राण्यांच्या गोतातले. जीवाश्मवाले मानेनात. मग 2001 मध्ये पाकिस्तानातल्या प्राचीन देवमाशांच्या घोट्याचं हाड मिळालं. दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असलेलं, अगदी गाय-बकरीच्या घोट्यात असतं तसं. डीएनए आणि दगड, दोन साक्षीदार, एकमेकांशी न बोलता एकच जबानी देऊन गेले.

म्हणजे माणूस माकडापासून झाला?

असं म्हणू नये. आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांना हे समजायला फार सोपं आहे. गायकवाडांबरोबर पुण्या-साताऱ्याकडून आपले पूर्वज इकडे आले, काही भाऊ तिकडेच राहिले. आज साताऱ्यात तुमच्या आडनावाचे लोक आहेत. ते तुमचे पूर्वज का? नाही, भाऊबंद. कुलवृत्तांत उघडला तर दोघांच्या रेघा मागे जाऊन एका नावाशी मिळतात.

चिंपांझी आणि आपली रेघ साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी मिळते. गच्चीवर पापड पळवायला येणाऱ्या काळ्या तोंडाच्या वानराची आणि आपली त्याहून बरीच मागे, अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी. तो मूळ पुरुष ना आजचा वानर होता, ना माणूस.

पुरावा पेशीत आहे. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांना 48 गुणसूत्रं, आपल्याला 46. दोन कमी कशी? आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र दोन जुनी गुणसूत्रं टोकाला टोक जोडून झालेलं आहे. गुणसूत्राच्या टोकांना जी विशिष्ट रचना असते, तिचे अवशेष इथे मध्येच सापडतात. क जीवनसत्त्वाचंही तसंच. बहुतेक सस्तन प्राणी ते स्वतःच्या शरीरात बनवतात, आपण आवळा-लिंबू खातो. बनवायचं जनुक आपल्यात आहे, पण मोडकं. वानरांत आणि चिंपांझीतही ते मोडकंच आहे. गिनिपिगमध्येही मोडलेलं आहे, पण वेगळ्या ठिकाणी, कारण त्याचं स्वतंत्रपणे मोडलं.

बाई, मग आत्ताची माकडं माणसं का होत नाहीत?

तुझे साताऱ्याचे चुलतभाऊ बडोदेकर का होत नाहीत? त्यांचं तिकडे बरं चाललंय.

विश्वामित्री नदीतल्या मगरी कोट्यवधी वर्षांत बदलल्याच नाहीत म्हणे?

पूर आला की मगर कोणाच्या तरी अंगणात शिरते आणि दुसऱ्या दिवशी बातमीत ‘जिवंत जीवाश्म’ हा शब्द येतोच. बातमी खरी असते, हे विशेषण फसवं. मगरीच्या प्राचीन गोतावळ्यात समुद्रात राहून शेपटीला माशासारखा पर फुटलेले प्राणी होते, लांब पायांवर जमिनीवर धावणारे होते, झाडपाला खाणारेसुद्धा होते. पाण्यात दबा धरून बसणारी ही एक शाखा टिकली, बाकीच्या गेल्या. शरीराची ठेवण फारशी बदलली नाही म्हणजे बदल थांबला असं नव्हे. जनुकं बदलतच राहतात.

लोकांना खरा धक्का पुढच्या गोष्टीने बसतो. मगरीचे सर्वांत जवळचे जिवंत नातेवाईक पाल किंवा घोरपड नाहीत, पक्षी आहेत. हृदयाचे चार कप्पे दोघांतही पूर्ण असतात, घोरपडीत नाहीत. मगरीण अंडी घालून निघून जात नाही, घरट्याची राखण करते, पिल्लं तोंडात धरून पाण्यात नेते. काळा घोड्याच्या पुलावरून खाली बघताना मगर आणि कठड्यावरचं कबूतर एका नजरेत आलं, तर त्या दोघांचं नातं मगर-घोरपडीपेक्षा जवळचं आहे एवढं लक्षात ठेवा.

डार्विनला हे सगळं एकट्याला, एकदम सुचलं का?

बिलकुल नाही. सजीव बदलत आले आहेत ही कल्पना त्याच्या आधीची. खुद्द त्याचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांनी 1790 च्या दशकात ती मांडली होती. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने 1809 मध्ये, म्हणजे डार्विनच्या जन्मवर्षीच, आपला मोठा ग्रंथ लिहिला. प्राणी वापराने अवयव कमावतो आणि तो पुढच्या पिढीला देतो, असं त्याचं म्हणणं होतं. ते टिकलं नाही, पण लामार्कला मूर्ख ठरवायची आपल्या अभ्यासाच्या गाइडांची सवय मला पसंत नाही. जाती बदलतात हे ठामपणे सांगायला त्या काळी धाडस लागत होतं. तिकडे फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिएने हाडांवरून सिद्ध केलं की काही प्राणी पृथ्वीवरून कायमचे नाहीसे झाले आहेत.

मग भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल. 1831 मध्ये डार्विन बीगल जहाजावर चढला तेव्हा लायेलच्या भूशास्त्राचा पहिला खंड त्याच्याजवळ होता. डोंगर-दऱ्या एका प्रलयात घडत नाहीत, थेंबे थेंबे तळे साचे तशा घडतात, हे त्याने तिथे वाचलं. दगडाला जे लागू तेच जिवाला लावायचं, एवढंच बाकी होतं.

1838 मध्ये त्याच्या हाती माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध पडला. माल्थस ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरीच्या कॉलेजात प्राध्यापक होता. हिंदुस्थानात येणारे कित्येक गोरे साहेब त्याच कॉलेजातून तयार होऊन येत. खाणारी तोंडं अन्नापेक्षा वेगाने वाढतात, हा त्याचा मुद्दा. डार्विनने तो सगळ्या सजीवांना लावला : जन्माला येतात पुष्कळ, जगतात थोडे, आणि कोण जगणार हे बारीकसारीक फरकांवर ठरतं. ही नैसर्गिक निवड.

आपल्याकडचा माणूसही या कथेत आहे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे एडवर्ड ब्लाइथ डार्विनला इथल्या पाळीव जनावरांची माहिती पत्रांतून कळवत. पाळीव कोंबडी मूळ रानकोंबडीपासून आली, या मताला डार्विनने ब्लाइथचा आधार घेतला. वॉलेस नावाच्या तरुणाच्या 1855 च्या लेखाकडे लक्ष द्या, असंही ब्लाइथनेच त्याला कळवलं. डार्विनने ते मनावर घेतलं नाही. 1858 मध्ये त्याच वॉलेसचं टर्नाटे बेटावरून पत्र आलं, आणि त्यात नैसर्गिक निवडीची कल्पना जशीच्या तशी! 1 जुलै 1858 ला लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचं लिखाण एकत्र वाचलं गेलं. दोघांपैकी एकही हजर नव्हता. वॉलेस बेटांवर होता, डार्विनचं तान्हं मूल तीनच दिवसांपूर्वी गेलं होतं. पुढच्या वर्षी 24 नोव्हेंबरला पुस्तक आलं, पहिली छपाई 1,250 प्रतींची.

गुण पुढच्या पिढीत नेमके कसे जातात हे डार्विनला शेवटपर्यंत उमगलं नाही. उत्तर मेंडेलने 1866 मध्ये छापलं होतं, जगाने ते 1900 मध्ये वाचलं. दोघांची सांगड गणिताने घालणाऱ्यांतले एक, जे. बी. एस. हॉल्डेन, 1957 मध्ये भारतात राहायला आले, भारताचे नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले.

थोडक्यात, बळी तो कान पिळी. बरोबर?

नाही. हा गैरसमज डार्विनच्या माथी मारला गेला आहे. ‘सर्वांत लायक तोच टिकेल’ हे शब्द तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरचे, 1864 चे. डार्विनने ते 1869 च्या पाचव्या आवृत्तीत घेतले, घेतले नसते तर बरं झालं असतं. लायक म्हणजे दांडगा नव्हे. त्या जागी, त्या काळी ज्याची पिल्लं जास्त जगतात तो लायक. दुष्काळात कमी खाणारा लायक, कळपात राहणारा लायक. आणि निसर्गात असं होतं म्हणून समाजात तसं वागावं, हे तर कुठूनच निघत नाही. यावरून जातीपातीचं आणि वंशश्रेष्ठत्वाचं समर्थन करणारे अधूनमधून भेटतात. त्यांना माझं उत्तर जरा कमी शब्दांत असतं.

आपल्या दशावतारात हे आधीच सांगितलंय ना?

मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन हा क्रम पाहून तसं वाटतं खरं. ही तुलना मात्र डार्विनच्या नंतरची. थिऑसॉफी पंथाच्या मादाम ब्लाव्हाट्स्कींनी 1877 च्या ग्रंथात ती केली आणि मग ती आपल्याकडे घरोघरी पोहोचली. दशावतार ही भक्तीची गोष्ट आहे, तिला जीवशास्त्राचं प्रमाणपत्र लागत नाही. शिवाय त्या क्रमात प्राणी पाण्यातून वर चढत माणसापर्यंत येतो. देवमासा नेमका उलट गेला, जमीन सोडून पाण्यात. उत्क्रांतीला वरचा मजला नसतो. बडोद्यातच 1893 ते 1906 राहिलेल्या अरविंद घोषांनी पुढे चेतनेच्या उत्क्रांतीचा विचार मांडला, तोही अध्यात्माचा प्रांत. त्याची आणि याची सरमिसळ नको.

हा नुसता सिद्धांत आहे. सिद्ध कुठे झालाय?

गुरुत्वाकर्षणाचाही सिद्धांतच आहे. गच्चीवरून पाय टाकताना आपण तो सिद्ध व्हायची वाट बघत नाही.

निसर्गाची निवड आजही चालू आहे का?

आहे, आणि लांब जायला नको. छोटा उदेपूरच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याचा आजार आढळतो. जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तर आजार, एकच बिघडलेली असली तर मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण. जिथे मलेरियाने पिढ्यान्‌पिढ्या माणसं मारली, तिथे हे ‘वाईट’ जनुक म्हणूनच टिकलं. आता मलेरियाला औषधं आहेत, पण जनुक एका रात्रीत जात नाही. त्यामुळे लग्नाआधी तपासणी करून घ्या हा सल्ला तिथे फार मोलाचा.

दुसरं उदाहरण दुधाचं. जगातल्या बहुतेक माणसांना मोठेपणी दूध नीट पचत नाही. गुरं पाळणाऱ्या समाजांत ते पचवणारं उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातला बदल, पसरलं. भारतात आणि युरोपात आढळणारं हे उत्परिवर्तन एकच आहे. हे सगळं गेल्या काही हजार वर्षांतलं. अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू तर आपल्या डोळ्यांदेखत तयार होत आहेत. डॉक्टरांनी दिलेला कोर्स पुरा करा.

दहावीच्या पुस्तकातून हे काढलंय. मग मुलांनी कशाला डोक्याला ताप करून घ्यायचा?

2023 पासून एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातला ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ हा धडा नुसता ‘आनुवंशिकता’ उरला. 1,800 हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी जाहीर पत्र लिहून विरोध केला. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहे, पण कॉमर्सला किंवा आर्ट्सला जाणाऱ्या मुलाच्या वाट्याला ती येतच नाही. माझं मत स्पष्ट आहे, हा अन्याय आहे. परीक्षेत येवो न येवो, दहावीच्या मुलाला देवमाशापुढे अर्धा तास उभं करा आणि मानेचे मणके मोजायला लावा.

आमच्या पोराला डायनासोरच बघायचेत. कुठे न्यावं?

बालासिनोरजवळ रैयोलीला. बडोद्याहून साधारण शंभर किलोमीटर, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. तिथल्या हाडांवरून 2003 मध्ये राजासॉरसचं नामकरण झालं, डोक्यावर छोटं शिंग असलेला मांसाहारी प्राणी. अंडीही भरपूर मिळाली आहेत. गुजरातेतच धोली डुंगरीला डायनासोरच्या घरट्यात, फुटलेल्या अंड्याला वेटोळं घालून बसलेला साडेतीन मीटरचा साप दगड झालेला सापडला. सुमारे 6.7 कोटी वर्षांपूर्वीचा तो साप, नाव सनाजेह. वाटेत पोरगं विचारेल की डायनासोर सगळे मेले का. नाही म्हणून सांगा. पक्षी हे त्यांचेच वंशज, फाफड्याच्या तुकड्यासाठी टेबलाभोवती उड्या मारणारी साळुंकीसुद्धा. आणि मे महिन्यात दुपारी जाऊ नका, माळावर सावली फार कमी आहे.